सायकल घ्यायची, पण कोणत्या मापाची?

रोड बाइकची किंमत, गिअर आणि वजन सगळे विचारतात; फ्रेमचे माप आणि हँडलची उंची मात्र शेवटी आठवते. तोवर गुडघा दुखायला लागलेला असतो. घरातली टेप, एक जाड पुस्तक आणि भिंत एवढ्यावर योग्य माप कसे काढायचे, याचे विश्लेषण.

सायकलच्या दुकानात ‘किती इंची पाहिजे?’ हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला गेला. बार्शीच्या बाजारात दूध घेऊन येणारा असो, शाळेचा मास्तर असो की मार्केट यार्डातला हमाल; बावीस इंची किंवा चोवीस इंची, यातच काय ते ठरायचे. पाय टेकले की सायकल बसली. रोज चार-पाच किलोमीटर, तेही ताठ बसून, एवढ्यासाठी ते पुरेसे होते.

आता सकाळी सहाला कुर्डुवाडी रोडला किंवा सोलापूर रोडला हेल्मेट घातलेली मंडळी दिसतात. वैरागमार्गे सोलापूर म्हणजे एका बाजूने सुमारे ७० किलोमीटर. कोणी पंढरपूरच्या सायकल वारीची तयारी करतो, कोणी २०० किलोमीटरची ‘बीआरएम’ साडेतेरा तासांत पुरी करायची म्हणून घाम गाळतो. खाली वाकलेल्या हँडलची रोड बाइक ४०-५० हजारांपासून पुढे मिळते आणि ती अनेकदा ऑनलाइन किंवा पुण्याहून जुन्यात घेतली जाते. चार मापांच्या सायकलींवर बसून पाहण्याची सोय लहान शहरात अवघडच. मग ‘माझी उंची पाच फूट सात इंच, मीडियम चालेल ना?’ एवढ्या एका प्रश्नावर व्यवहार होतो. तिथेच चूक होते.

फ्रेमचे माप म्हणजे नेमके काय?

पहिला गोंधळ चाकाचा. मुलांच्या सायकलीला आपण ‘वीस इंची’ किंवा ‘सव्वीस इंची’ म्हणतो, ते चाकाचे माप. मोठ्यांच्या जुन्या काळ्या सायकलीला ‘बावीस’ किंवा ‘चोवीस’ म्हणतो, ते मात्र फ्रेमचे माप. चाक दोन्हीला २८ इंचीच असते. रोड बाइकवर ‘७०० सी’ असे लिहिलेले असते, तेही चाकाचेच. लहान चणीच्या माणसाच्या आणि सहा फुटी माणसाच्या रोड बाइकला बहुधा हेच चाक असते. त्यामुळे ‘७०० ची सायकल आहे’ या उत्तराने मापाविषयी काहीच कळत नाही.

फ्रेमचे माप सेंटिमीटरमध्ये सांगतात : ४९, ५२, ५४, ५६ असे. पूर्वी हा आकडा म्हणजे सीट ज्या नळीत बसते त्या नळीची लांबी. पायडलची क्रँक जिच्याभोवती फिरते तो मधला एक्सल (बॉटम ब्रॅकेट) म्हणजे नळीचे खालचे टोक आणि वरची दांडी जिथे जोडली जाते ते वरचे टोक. दांडी जमिनीला समांतर होती तोवर हा हिशेब चोख होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागे उतरत्या दांडीच्या फ्रेम आल्या. दांडी तिरपी झाली, सीटची नळी आखूड झाली आणि जुना आकडा फसवा ठरला. आज एका कंपनीची ‘५४’ आणि दुसरीची ‘५४’ शेजारी ठेवल्या तर त्यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. काही कंपन्या आकडाच देत नाहीत, नुसते एस, एम, एल लिहितात.

मग भरवसा कशावर ठेवायचा?

‘स्टॅक’ आणि ‘रीच’ या दोन आकड्यांवर. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सरळ वर एक रेघ ओढा. हँडलची दांडी जिच्यात फिरते त्या पुढच्या नळीच्या म्हणजे हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. त्याच रेघेपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. सोप्या भाषेत, स्टॅक सांगतो हँडल किती उंच असेल आणि रीच सांगतो किती पुढे असेल. सीट वर-खाली, मागे-पुढे करता येते. या दोन आकड्यांना मात्र हात लावता येत नाही. ते फ्रेमबरोबर येतात आणि फ्रेमबरोबरच जातात.

बहुतेक कंपन्या हा तक्ता ‘जिओमेट्री’ या नावाने संकेतस्थळावर देतात. किमतीआधी तो उघडावा. ५४ म्हणून विकल्या जाणाऱ्या शर्यतीच्या सायकलीचा स्टॅक साधारण ५४० मिलिमीटर, तर त्याच मापाच्या लांब पल्ल्याच्या म्हणजे ‘एन्ड्युरन्स’ सायकलीचा ५७५ मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन्हींवर ‘५४’ लिहिलेले असते. पण एकीवर हँडल साडेतीन सेंटिमीटर खाली असते. पन्नाशीतल्या पाठीला एवढा फरक खूप होतो.

स्वतःचे माप कसे घ्यायचे?

उंची पुरेशी नाही. महत्त्वाचे माप ‘इनसीम’, म्हणजे पायाची आतल्या बाजूची उंची. पँटच्या शिलाईचे माप इथे चालत नाही, ते नेहमी कमी भरते.

अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा. दोन पावलांत १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वर करून, भिंतीला काटकोनात ठेवा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या दाबाने वर ओढा. पुस्तकाची वरची कडा भिंतीवर जिथे येते तिथे दुसऱ्या कोणाला पेन्सिलने खूण करायला सांगा. जमिनीपासून खुणेपर्यंत टेपने मोजा. हे तीनदा करा आणि सरासरी घ्या. एकट्याने मोजले तर वाकताना पुस्तक घसरते आणि एक-दोन सेंटिमीटरची चूक होते.

आता दोन गुणाकार. इनसीम गुणिले ०.६७ म्हणजे जुन्या, आडव्या दांडीच्या पद्धतीने फ्रेमचे माप. इनसीम गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. हा दुसरा आकडा फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार आणि टूर द फ्रान्स तीनदा जिंकणारे अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँ यांच्यामुळे जगभर पोहोचला. आजचे फिटर त्याला अंतिम मानत नाहीत. बूट, पायडल, क्रँकची लांबी यांनी त्यात काही मिलिमीटरचा फरक पडतो. पण सुरुवात करायला इतका सोपा आणि जवळचा दुसरा आकडा नाही.

उंची सारखी असली तर सायकल सारखी चालेल का?

इथेच खरी गंमत आहे. समजा दोन मित्र आहेत, दोघांचीही उंची १७० सेंटिमीटर. पहिल्याचा इनसीम ७५, दुसऱ्याचा ८३. म्हणजे पहिल्याचे धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब.

पहिल्याची सीट ७५ गुणिले ०.८८३ म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटरवर येईल. दुसऱ्याची ७३ सेंटिमीटरवर. दोघांनी एकच ‘मीडियम’ सायकल घेतली तर हँडल एकाच उंचीला राहणार, सीटमध्ये मात्र सात सेंटिमीटरचा फरक पडणार. पहिल्याचे हँडल सीटच्या बरोबरीने असेल तर दुसऱ्याचे जवळपास सात सेंटिमीटर खाली जाईल. पहिला आरामात परंड्याला जाऊन येईल. दुसरा दहाव्या किलोमीटरला मान चोळायला लागेल आणि ‘रोड बाइक आपल्याला जमत नाही’ म्हणून ती ओएलएक्सवर टाकेल. दोष ना त्याच्या वयाचा असतो ना तब्येतीचा. त्याला जास्त स्टॅकची फ्रेम हवी होती, एवढेच.

म्हणून दुकानातला किंवा संकेतस्थळावरचा उंचीचा तक्ता ही फक्त पहिली चाळणी समजावी. साधारणपणे १६० ते १६८ सेंटिमीटर उंचीला ५० ते ५२, १६८ ते १७५ ला ५३ ते ५४, १७५ ते १८३ ला ५५ ते ५६ आणि त्यापुढे ५७-५८ असे हे तक्ते सांगतात. त्यानंतर इनसीम आणि शेवटी स्टॅक-रीच पाहावे.

दोन मापांच्या मध्ये अडकलो तर लहान घ्यावी की मोठी?

‘लहान घ्या, सीट वर करता येते’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धा खरा आहे. लहान फ्रेम सीटची नळी उंचावून आणि लांब स्टेम लावून मोठी करता येते; मोठी फ्रेम लहान करता येत नाही, हे बरोबर. पण लहान फ्रेमचा स्टॅकही कमी असतो. सीट वर गेली, हँडल जागेवर राहिले, म्हणजे हँडल आणखी खाली गेले. ज्याची पाठ आखडलेली आहे, पोट थोडे पुढे आहे आणि जो ‘आरामशीर’ म्हणून लहान सायकल घेतो, त्यालाच सगळ्यात जास्त वाकावे लागते. सायकल घेणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही.

त्यामुळे ठोकताळा असा ठेवावा. अंग लवचिक, वेगाची आवड, हात आखूड असतील तर दोघांपैकी लहान माप. धड किंवा हात लांब, पाठीची तक्रार, लांब पल्ल्याचा इरादा असेल तर मोठे माप. मात्र त्याचा रीच पेलवतो का ते तपासून. आणि दोन्ही नीट बसत नसतील तर माप बदलण्याऐवजी सायकलचा प्रकार बदलावा. शर्यतीच्या ५६ पेक्षा एन्ड्युरन्सची ५४ अनेकदा बरी पडते.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक सवय आहे. कपडे जसे वाढत्या अंगाचे घेतात तशी सायकलही ‘दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी घेतली जाते. साध्या सायकलीवर पोरगं दांडीखालून पाय घालून कशीबशी शिकते. रोड बाइकवर हे धोक्याचे आहे. दांडीवरून उतरल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत आणि दांडी आडवी असेल तर मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. अचानक ब्रेक लागल्यावर ही जागाच वाचवते.

हँडलची उंची एवढी महत्त्वाची का?

सायकलवर शरीर तीन ठिकाणी टेकते : सीट, पायडल आणि हँडल. तिन्हींवर वजन कसे वाटले जाते, यावर सगळे अवलंबून.

बार्शीकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये धावू लागली. रूळ अवघे अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतरावर. इतक्या हलक्या रुळांवर जास्तीत जास्त माल न्यायचा तर एकाच आसावर भार येता कामा नये, म्हणून प्रत्येक आसावर पाच टनांपर्यंतच भार येईल अशी इंजिने आणि डबे त्याने आखले. एका ठिकाणी वजन साचले की तिथेच बिघाड होतो. हाच नियम माणसाच्या मनगटाला लागू पडतो.

हँडल फार खाली किंवा फार पुढे असेल तर वजन तळहातांवर येते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. ती दाबली गेली की करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, पुढे पकड कमजोर होते. डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला सायकलस्वारांचेच नाव मिळाले आहे. वाकलेल्या पाठीवर डोके वर करून रस्ता पाहावा लागतो, त्यामुळे मानेचे स्नायू थकतात. अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करणाऱ्या ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत काहींची मान इतकी थकते की डोके उचलताच येत नाही. या त्रासाला एका स्पर्धकाच्या नावावरून ‘शर्मर्स नेक’ म्हणतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ही शर्यत दोघांच्या गटात आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. एवढ्या अंतरावर सायकल अंगाला बसलेली असणे हा हौसेचा भाग उरत नाही.

मग हँडल शक्य तितके वर ठेवावे का?

नाही. फार उंच हँडलचाही त्रास असतो. सगळे वजन बैठकीवर येते, खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट कण्यात जातो. येडशीच्या दिशेने चढ लागला की पुढचे चाक हलके पडते. आणि वारा. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला निम्म्याहून अधिक ताकद नुसती हवा कापण्यात जाते. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा सुटलेला असताना कुर्डुवाडीकडे तोंड करून ताठ बसून सायकल हाणली आहे, त्याला हे सांगायला नको.

किती खाली चालेल, याची एक घरगुती चाचणी आहे. गुडघे न वाकवता खाली वाका. बोटे जमिनीला टेकत असतील तर सीटपेक्षा हँडल पाच ते आठ सेंटिमीटर खाली चालून जाईल. बोटे घोट्यापर्यंतच पोहोचत असतील तर दोन-तीन सेंटिमीटर पुरे. नडगीच्या मध्यावरच अडकत असतील तर हँडल सीटच्या बरोबरीने ठेवून सुरुवात करा. सहा महिने नियमित चालवल्यावर अंग मोकळे होते, मग थोडे थोडे खाली आणता येते. व्यावसायिक सायकलपटूचा फोटो पाहून पहिल्याच दिवशी त्याची बैठक उचलायची नाही.

हात योग्य जागी आहेत की नाही, हे चालवताना कळते. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेले हवे आणि हँडल घट्ट न धरता बोटे पेटीवर फिरवावीत तशी हलवता आली पाहिजेत. कोपर ताठ आणि खांदे कानाला भिडले असतील तर हँडल दूर किंवा खाली आहे.

घेतलेल्या सायकलचे हँडल वर-खाली कसे करायचे?

आधी सीट ठीक करा, हँडल नंतर. सीटची उंची चुकीची असेल तर हँडलचे कुठलेच माप बरोबर येत नाही. सीट उंचीला आणल्यावर टाच पायडलवर ठेवून उलटे पायडल मारा. पायडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. त्यानंतर सीट मागे-पुढे. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. क्रँक आडवी करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो साधारण पायडलच्या आसावर पडावा. हाही फक्त सुरुवातीचा बिंदू. सीटचे पान सपाट ठेवा. टोक वर उचललेले असेल तर बधिरपणा येतो, खाली झुकलेले असेल तर माणूस घसरतो आणि हातांवर भार येतो.

आता हँडल. आजच्या बहुतेक रोड बाइकमध्ये हँडल आणि चिमट्याची दांडी यांना जोडणारा तुकडा म्हणजे स्टेम. त्याच्या खाली किंवा वर वॉशरसारख्या चकत्या असतात, त्यांना स्पेसर म्हणतात. खालच्या चकत्या वर घातल्या की हँडल खाली येते, वरच्या खाली घातल्या की वर जाते. पुढची नळी मागे कललेली असल्याने हँडल एक सेंटिमीटर वर नेले की सुमारे तीन मिलिमीटर मागेही येते. म्हणजे वर नेण्यात दुहेरी फायदा.

दुसरा उपाय स्टेम उलटे करणे. १०० मिलिमीटरचे, सहा अंश खाली झुकलेले स्टेम उलटे बसवले तर हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर आणि सहा मिलिमीटर मागे येते. नवा पैसाही लागत नाही. तिसरा उपाय आखूड स्टेम. ११० चे काढून ९० चे लावले की हँडल दोन सेंटिमीटर जवळ येते. मात्र ८० च्या खाली गेले तर सायकल वळवताना चंचल वाटू लागते. तिथवर जावे लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे, हे मान्य करावे.

हे काम घरी करताना क्रम चुकवू नका. स्टेमच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करा, मग माथ्यावरच्या टोपणाचा बोल्ट काढा. चिमट्याची दांडी निसटून पुढचे चाक खाली पडू नये म्हणून धरून ठेवा. परत बसवताना आधी टोपणाचा बोल्ट, तोही हँडलचा खडखडाट जाईल इतकाच. मग स्टेम सरळ करून बाजूचे बोल्ट आलटून-पालटून. स्टेमवर न्यूटन मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, बहुधा चार ते सहा. कार्बनच्या दांडीवर तो आकडा ओलांडू नका. जोर लावून आवळलेला कार्बन आतून तडकतो आणि बाहेरून दिसत नाही. कार्बन दांडीवर स्टेमखाली किती चकत्या चालतील, यालाही कंपनीची मर्यादा असते. आणि नवी सायकल घेतल्यावर जास्तीची दांडी कापून ‘सुबक’ करून देतो म्हणाला तर दोन-तीन महिने थांबायला सांगा. कापलेली दांडी परत जोडता येत नाही.

जुन्या सायकलींमध्ये हँडलची दांडी नळीत खोल उतरलेली असते आणि आत पाचरीने घट्ट होते. वरचा बोल्ट चार-पाच आटे सैल करून त्यावर लाकडी ठोकळ्याने हलका ठोका दिला की पाचर सुटते आणि हँडल वर ओढता येते. दांडीवर कोरलेली किमान खोलीची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये. सीटच्या दांडीवरही अशीच खूण असते.

दुखणे काय सांगते?

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ बसत असेल किंवा पायडल मारताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट वर आहे. करंगळीला मुंग्या, मनगट दुखणे म्हणजे हँडल खाली किंवा सीट पुढे झुकलेली. मान आणि खांदे म्हणजे हँडल दूर किंवा खाली. बैठकीला सतत त्रास म्हणजे सीट उंच, टोक वर किंवा हँडल फारच उंच. हे ठोकताळे आहेत. दोन-तीन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही किंवा बधिरपणा रात्रीही राहिला तर पाना बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

बदल एका वेळी एकच करा, पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि दोन-तीन फेऱ्या मारल्याशिवाय दुसरा बदल नको. वहीत तारीख आणि माप लिहून ठेवा. जुन्या जागी परत यायचे असेल तर आठवणीवर विसंबता येत नाही. आणि फार काथ्याकूटही नको. बेल्जियमचे महान सायकलपटू एडी मर्क्स १९६९ मधल्या अपघातात कमरेला दुखापत झाल्यानंतर सीटची उंची सारखी बदलत. शर्यत चालू असतानाही. त्यांना तो त्रास अपघाताने दिला होता. आपल्याला तो हौसेने ओढवून घ्यायची गरज नाही.

घेण्यापूर्वी काय विचारावे?

विक्रेत्याला पाच गोष्टी विचारा. फ्रेमचा स्टॅक आणि रीच किती? स्टेम किती लांबीचे आणि खाली किती चकत्या आहेत? चिमट्याची दांडी कापली आहे का? हँडलची रुंदी किती? (ती साधारण खांद्याच्या हाडांमधल्या अंतराएवढी असावी, ३८, ४०, ४२ सेंटिमीटर अशी मिळते.) आणि माप चुकले तर बदलून मिळेल का? केबल आणि ब्रेकच्या नळ्या हँडलच्या आतून नेलेल्या नव्या सायकलींत स्टेम बदलणे वेळखाऊ आणि खर्चिक असते, हेही आधीच विचारून घ्या.

जुन्यात घेत असाल तर मालकाची उंची आणि इनसीम विचारा. तो तुमच्यापेक्षा दहा सेंटिमीटर उंच असेल तर किंमत कितीही पडलेली असो, हात जोडा. ज्याची सायकल तुम्हाला आरामाची वाटते अशा मित्राकडे टेप घेऊन जा आणि तीन मापे घ्या : बॉटम ब्रॅकेटपासून सीटचा माथा, सीटच्या टोकापासून हँडल आणि जमिनीपासून सीट व हँडल यांच्या उंचीतला फरक. हे तीन आकडे खिशात असले की ऑनलाइन तक्ताही वाचता येतो आणि पुण्यातल्या दुकानातही कोणी ‘चालेल हो’ म्हणून गळ्यात मारू शकत नाही. पुण्या-मुंबईत बाइक फिटिंगची सशुल्क सेवा मिळते. लाखभराची सायकल घेणाऱ्याने किंवा जुने दुखणे असलेल्याने ती जरूर घ्यावी.

एकोणिसाव्या शतकात पुढे मोठे आणि मागे लहान चाक असलेल्या सायकली होत्या. त्यांत पायडल थेट चाकालाच असल्याने माणसाच्या पायाच्या लांबीवरूनच चाकाचा आकार ठरायचा; पाय मोजल्याशिवाय सायकल मिळतच नसे. पुढे चेन आली, दोन्ही चाके सारखी झाली आणि पाय मोजायची सवय मागे पडली. ती परत लावून घ्यायला दहा मिनिटे लागतात. पुस्तक घ्या, भिंतीला पाठ लावा आणि घरातल्या कोणाला तरी पेन्सिल द्या.